भरवशाचा भाचा

बेंटिलच्या होडीवर पिवळ्या ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं : ‘देव बघतो आहे’. रंगाऱ्यानं हौसेनं शेजारी एक डोळाही काढला होता, आणि तो नेमका त्या फळीवर आला होता जिथून पोरं पाण्यात उतरत. पोरांच्या ओल्या पायांनी घासून घासून डोळ्याचं बुबुळ गेलं होतं. पापण्या तेवढ्या शाबूत होत्या.

मिशनचा प्रचारक सेन्यो ही पाटी कित्येक वर्षं वाचत आला होता. त्याची स्वतःची होडी मिशनची होती, आणि तिच्यावर एकच शब्द होता : ‘तारण’. जलाशयाच्या अलीकडच्या तीरावर बाजाराचं गाव, तिथं सेन्यो राहायचा. पलीकडे बेंटिलची वस्ती. दर रविवारी दुपारी तो ‘तारण’चं इंजिन दोरी ओढून चालू करायचा आणि पोरांचा वर्ग घ्यायला पलीकडे जायचा. वस्तीवर त्याला सगळे ओसोफो म्हणत. म्हणजे पाळक. त्याला रीतसर पाळकाची दीक्षा नव्हती, पण वस्तीवर बेंटिललाही रीतसर बहीण नव्हती आणि तरी त्याला आठ-दहा भाचे होते. तेव्हा कागदोपत्री कोण काय आहे याची तिथं फारशी चौकशी होत नसे.

व्होल्टा नदीवर धरण बांधलं तेव्हा जंगल न तोडताच पाणी अडवलं. झाडं जागच्या जागी बुडून उभी राहिली, ती अजून उभीच आहेत. जाळं टाकलं की कुठल्यातरी फांदीत अडकतंच. अशा वेळी मोठ्या माणसानं काय करायचं? त्याला दम लागतो, त्याचे गुडघे दुखतात, शिवाय चर्चमध्ये त्याचा मान असतो. तो एखाद्या पोराच्या डोक्यावर तळवा ठेवतो आणि दाबतो. पोर खाली जातं, गढूळ पाण्यात चाचपडत जाळं सोडवतं, वर येऊन ओरडतं, “सुटलं!” मग सगळे मिळून ओढतात. तळवा डोक्यावर पडला की जायचं, सुटल्याशिवाय यायचं नाही, एवढा एकच नियम. मासे पकडण्याचा धंदा म्हणजे एरवी अगदी सोपा.

ही पोरं समुद्रकाठच्या गावांतून यायची. त्या लोकांत पोरावर बापापेक्षा मामाचा हक्क मोठा. बाप नसला तर चालतं, मामा लागतो. त्यामुळे किनाऱ्यावर बसमध्ये चढताना जो परका असायचा, तो इकडे उतरेपर्यंत मामा झालेला असायचा. बेंटिलही असाच मामा झाला होता. आणि मिशनच्या चर्चला छपराचे नवे पत्रे दिल्यापासून तो मंडळीचा वडीलही झाला होता, म्हणजे चर्चच्या कारभारातला मानकरी. होडीत मामा, चर्चमध्ये वडील. पोरांना आणखी कोण हवं होतं?

“सुटका म्हणजे काय रे?” सेन्योनं एका रविवारी कडुनिंबाखाली वर्गाला विचारलं.

सगळे हात वर गेले. इतकं सोपं कुणी विचारत नसे.

“फांदीतून जाळं निघणं!”

“शाबास. पण ती जाळ्याची झाली. आपली सुटका?”

पोरं एकमेकांकडे बघायला लागली. शेवटी फिफी उठला. दहा-अकराचा असेल, दिसायचा सातचा. डावा कान सतत वाहायचा, म्हणून तो बोलताना उजवा कान पुढे करायचा. नवख्याला वाटावं, पोरगं काहीतरी गुपित विचारतंय.

“आपण अडकत नाही, ओसोफो,” तो म्हणाला. “जाळं अडकतं. मागच्या वर्षी पाणी उतरलं तेव्हा जोजो अडकला होता, पण त्याला घाई करायची सवयच होती.”

“मग?”

“मग काय? जाळं कापावं लागलं. मामा फार रडला.”

बेंटिलला रडू आलं होतं हे सेन्योला नवीन होतं. माणसाच्या मनात कुठंतरी ओलावा असतोच, असं त्याच्या मनात येतंय तोच फिफीनं पुढचं सांगितलं.

“नवं जाळं होतं ना.”

त्या दिवशी सेन्योनं सुटकेचा धडा बंद केला आणि चोरीचा घेतला. दुसऱ्याची वस्तू घेऊ नये. त्यावर त्यानं स्वतः चाल लावलेलं गाणंही होतं. ‘तुझं ते तुझं रे, माझं ते माझं, देवाच्या दारी नको चोरीचं ओझं.’ गाणं फार काही थोर नव्हतं, पण त्यात टाळ्या होत्या. पोरांना आवडलं. मागे बाकावर बसलेल्या बेंटिललाही आवडलं. त्यानं दोनदा म्हणायला लावलं.

*

रविवारी संध्याकाळी सेन्यो घरी परतला की फोन वाजायचा. फिफीची आई एसी. समुद्रकाठी मासे धुरावर सुकवायचं काम करायची, त्यामुळे बोलताना मध्येमध्ये खोकायची.

“माझा पोरगा आला का, ओसोफो?”

“नाही अजून. पण बरा आहे.”

“कान?”

“आहे तसाच.”

“माझ्या आईला आम्ही पाच मुली,” एसी दर वेळी म्हणायची, जणू मागच्या रविवारी सांगितलंच नव्हतं. “भाऊ नाहीच. मग मामा आला कुठून? शाळेत घालतो म्हणाला. पोराला म्हणाला, मला मामा म्हण. पोरगं म्हणायला लागलं, आणि माझ्या डोळ्यांदेखत तो मामा झाला.”

“तू इथं येऊन सार्जंटला हे का सांगत नाहीस?”

“सांगितलं होतं, गेल्या वर्षी. तो म्हणाला, बेंटिल मामा असेल तर गुन्हाच नाही. परका असेल तर पोर परक्याला कुणी दिलं? तू. मग आधी तू आत. बोल, तो कोण लागतो?”

“मग काय म्हणालीस?”

“‘भाऊ लागतो’ म्हटलं,” एसी म्हणाली आणि बराच वेळ खोकली.

सार्जंट ओपोकुशी सेन्यो स्वतःही बोलला होता. चांगला माणूस होता. ठाण्यासमोर केंके, म्हणजे मक्याचे उकडलेले गोळे, विकणाऱ्या बाईलाही तो आदरानं अक्का म्हणायचा, आणि त्या आदराच्या बळावर तिच्याकडे फुकट जेवायचा.

“ओसोफो, कायदा साफ आहे,” त्यानं समजावलं होतं. “परक्यानं पोराला राबवलं तर गुन्हा. मामानं राबवलं तर वळण.”

“पण तो मामा नाही हो!”

“असं त्याला म्हणू दे. चार माणसांत, माझ्या कानांदेखत. मी तिथल्या तिथं उचलतो त्याला. माझा काय तो खरा मामा आहे?”

वाळवंटाकडचं कोरडं हरमाटनचं वारं सुटलं होतं. आभाळ धुळीनं पांढरं झालं होतं आणि पाणी रोज खाली जात होतं. बुडालेल्या झाडांचे शेंडे एकेक करून वर यायला लागले होते, म्हणजे आता जाळी रोज अडकणार. जोजो याच दिवसांत गेला होता. सेन्योनं एसीला ईस्टरच्या आत पोर आणून देतो म्हणून शब्द दिला होता, आणि आता त्याला रात्री झोप लागेना. तेव्हा त्याला बाप्तिस्मा सुचला.

बेंटिल पोलिसाला भीत नसे. बिशपला तर नाहीच, कारण बिशपच्या गाडीचे टायर त्यानंच घालून दिले होते. पण बेंटिल पाण्याला भ्यायचा. त्याच्या गावचे सगळेच मासेमार भ्यायचे. पाण्यात उभं राहून खोटं बोललं तर पाणी ते लक्षात ठेवतं, अशी त्यांची पक्की समजूत. बायकोशी भांडण झालं तर ते पाय कोरडे ठेवूनच भांडत. सेन्योनं विचार केला : बाप्तिस्म्याला पोराला पाण्यात कोण आणतं? घरचा माणूस. मग घरच्या माणसाला कमरेएवढ्या पाण्यात, मंडळीसमोर, सार्जंटसमोर विचारायचं, बाबा रे, तुझ्या या बहिणीचं नाव काय?

तो बेंटिलकडे गेला तेव्हा बेंटिल अंगणात जाळं सांधत बसला होता.

“वडील, पोरांचे बाप्तिस्मे करावे म्हणतो. फिफीपासून सुरुवात करू.”

बेंटिलनं सुई थांबवली. “ओसोफो, माझ्या मनातलं बोललात. जलाशयाच्या वरच्या टोकाला, मासेमारांच्या तळावर, एकानं करून बघितलंय. बाप्तिस्मा झालेलं पोर पळत नाही म्हणतात.”

“पळायचं कशाला? मामाकडेच तर आहे.”

“तेच म्हणतो मी! पण पोरांची जात, कृतघ्न. आता या फिफीला मी पोहायला शिकवलं, वल्हवायला शिकवलं, इंजिन चालवायला शिकवलं. त्याच्या बापानं काय शिकवलं? मरायला.” बेंटिल स्वतःच्या विनोदावर खूष होऊन हसला. “बकरं माझ्याकडून. सार्जंटला बोलवा, त्याला रस्सा आवडतो. आणि बिशपला सांगा, कॅमेरा आणा.”

*

बाप्तिस्म्याच्या सकाळी सेन्योनं ‘तारण’ची टाकी काठोकाठ भरली. बेत असा की बेंटिलची जीभ अडखळली, सार्जंटनं त्याचा दंड धरला, की गोंधळात पोराला होडीत घालायचं आणि सुटायचं. अलीकडच्या तीरावर दुपारची बस मिळाली असती. होडी त्यानं किनाऱ्यापासून जरा आत, दगड टाकून उभी केली. आत बिशपसाहेबांचं जेवण होतं, त्यांची घडीची खुर्ची होती आणि त्यांचे बूट होते, कारण बिशप टेटे यांचे बूट पाण्यात नेण्यासारखे नव्हते.

मिशन नवं होतं आणि त्यात सगळ्या पंथांचं थोडंथोडं होतं. पाण्यात पुरतं बुडवायची रीत एकाकडून, धर्मबाप नेमायची दुसऱ्याकडून, ढोल मात्र घरचे. सगळी वस्ती काठावर जमली होती. सार्जंट पुढच्या रांगेत होता, जिथून बकऱ्याची चूल दिसत होती. सेन्यो पांढरा झगा घालून कमरेएवढ्या पाण्यात उभा राहिला. बेंटिल फिफीचा हात धरून आला. फिफीला आज नवा सदरा होता, त्याच्या गुडघ्यापर्यंत येणारा.

“या मुलाला कोण आणतं?” सेन्योनं विचारलं.

“मी. मामा.”

“पाण्यात उभे आहात, वडील,” सेन्यो सावकाश म्हणाला. आवाज काठापर्यंत जाईल असा. “ज्या बहिणीचा हा मुलगा, तिचं नाव सांगा.”

ढोल थांबले. बेंटिलनं पाण्याकडे बघितलं. मग स्वतःच्या पायांकडे, पण गढूळ पाण्यात पाय दिसत नव्हते. काठावर सार्जंटनंही चुलीवरून नजर काढली. सेन्यो बेंटिलच्या ओठांकडे बघत होता. आता बोलेल, आता चुकेल.

आणि बेंटिल हसला. अगदी मोकळं, ओझं उतरल्यासारखं.

“ओसोफो, त्या कडुनिंबाखाली तुम्हीच शिकवलंत. ख्रिस्तात परकं कुणी नाही. सगळे पुरुष भाऊ, सगळ्या बाया बहिणी. मग याची आई माझी बहीण आहे की नाही? नसेल तर तुम्ही तसं सांगा. इथंच सांगा, बिशपसाहेबांसमोर.”

“आमेन!” बिशप काठावरून गरजले. “काय साक्ष दिली!”

“आमेन!” मंडळी म्हणाली. बाया मान डोलवायला लागल्या. सार्जंट पुन्हा चुलीकडे वळला.

पाण्यानं लक्षात ठेवावं असं खोटं बेंटिल एक अक्षर बोलला नव्हता. हा धडा सेन्योनंच घेतला होता, पोरांनी एकमेकांना परकं समजू नये म्हणून. मागच्या बाकावर बेंटिल बसलेला असायचा, आणि वर्गात सगळ्यांत लक्ष देऊन ऐकणारा विद्यार्थी तोच होता.

“आणि धर्मबाप?” बिशपनी मोबाईल उंच धरत विचारलं. “धर्मबाप कोण होतो?”

“दुसरा कोण होणार?” बेंटिल म्हणाला.

मामा होता, वडील होता, आता बापही झाला. एका माणसात इतकं गणगोत फिफीला मिळालं.

आता थांबायची सोय नव्हती. सेन्यो फिफीकडे वळला. पोर थंडीनं कुडकुडत त्याच्याकडे बघत होतं, उजवा कान पुढे करून. सेन्योला काहीतरी धीराचं बोलावंसं वाटलं.

“भिऊ नकोस. आता सुटणार बघ.”

“कुठं अडकलंय, ओसोफो?” फिफीनं हळूच विचारलं.

सेन्योला वाटलं, पोराच्या तोंडून देव बोलला. त्याचे डोळे भरून आले. “खाली रे,” तो म्हणाला. “माणसाचं सगळं खालीच अडकलेलं असतं.”

आणि त्यानं फिफीच्या डोक्यावर तळवा ठेवून दाबला.

फिफी गेला. सेन्योचा हात मोकळाच पाण्यावर राहिला. पोर असं सुळकन खाली गेलं, जसं काही त्याला घरचा रस्ता सापडला.

मंडळीनं गाणं सुरू केलं. गाणं संपलं. परत सुरू केलं. बिशपचा मोबाईल धरलेला हात दुखायला लागला, त्यांनी तो बदलला. सेन्यो वाकून पाण्यात चाचपडायला लागला, त्याचा झगा हवा भरून भोवती फुगला. हाताला चिखल लागत होता, शेवाळ लागत होतं, पोर लागत नव्हतं. काठावर एक बाई किंचाळली. मग तिघी-चौघी.

“कशाला ओरडताय?” बेंटिल शांतपणे म्हणाला. “येईल. दम आहे अजून त्याच्यात. माझं पोर मला माहीत नाही?”

त्यानं एवढा भरवशाचा स्वर काढला की बायका खरंच गप्प झाल्या. सेन्योला मात्र तेव्हा कळलं की तळवा, डोकं, खाली, सुटणार, हे सगळे शब्द या पोराला कुणीतरी आधीच शिकवून ठेवले होते.

“सुटलं!”

आवाज लांबून आला. फिफी ‘तारण’पाशी वर आला होता. एका हातात जुन्या फाटक्या जाळ्याचा गुंताडा धरून तो बेंटिलला दाखवत होता. “मामा, सुटलं! दगडाच्या दोरीला गुंडाळलं होतं! दोरी पण सोडवली!”

मंडळीनं टाळ्यांचा कडकडाट केला. बिशप ओरडले, “जाळं घेऊन आला! ख्रिस्ताच्या कोळी शिष्यांसारखा, जाळं!” आणि दोन्ही हातांनी मोबाईल धरून धडाधड फोटो काढत सुटले.

त्या दिवशी त्या पाण्यात एकच गोष्ट सुटली, ती म्हणजे मिशनची होडी. हरमाटनच्या वाऱ्यावर ‘तारण’ डुलत डुलत आत निघालं होतं, बिशपचं जेवण, बिशपची खुर्ची आणि बिशपचे बूट घेऊन.

“माझे बूट!” बिशप म्हणाले.

“फिफी!” बेंटिलनं हाक मारली. “जा, ओसोफोची होडी आण!”

पोरगं पोहत गेलं, होडीच्या कडेला धरून आत चढलं. होडी तोवर बरीच दूर गेली होती. वाऱ्यानं तिचं तोंड बरोबर अलीकडच्या तीराकडे, बाजाराच्या गावाकडे केलं होतं. फिफीनं हाडकुळं अंग मागे फेकून दोरी ओढली. एकदा. परत. इंजिन खोकलं आणि धरलं.

सेन्यो कमरेएवढ्या पाण्यात खिळून उभा होता. त्याचा बेत मोडला होता, आणि आता तोच बेत त्याच्याशिवाय पाण्यावर उभा होता. पोर होडीत. टाकी भरलेली. समोर मोकळं पाणी. वस्तीवरच्या सगळ्या होड्या काठावर उपड्या, आज बाप्तिस्मा म्हणून. पाठलाग करायलाही कुणी नव्हतं. 

जा, सेन्यो मनात म्हणाला. जा रे राजा. मग ओठांतल्या ओठांत म्हणाला. ओरडून म्हणायला हवं होतं, पण शेजारी बेंटिल होता, मागे बिशप होते, अंगात झगा होता. त्यानं हात तेवढा उंच केला, जा, जा, असा. बिशपना वाटलं आशीर्वाद देतोय. त्यांनीही हात वर केला. ते बघून सगळ्या मंडळीनं हात वर केले. दूर पाण्यावर फिफीला दिसलं असेल की सगळं गाव त्याला बोलावतंय.

होडी वळली. सरळ रेषेत, एकाही खोडाला न लागता, ती काठाला आली. फिफीनं उडी मारून दोर बेंटिलच्या हातात दिला. बूट कोरडे होते.

*

सगळे रश्श्यावर बसले तेव्हा सेन्योनं फिफीला कडुनिंबामागे गाठलं. पोर आंबवलेल्या पिठाच्या बांकूचा गोळा रश्श्यात बुडवून खात होतं. आज त्याला मटणाचा तुकडा मिळाला होता, तो त्यानं शेवटच्या घासासाठी बाजूला ठेवला होता.

“टाकी भरलेली होती रे.”

“हो. वजनावरून कळलं.”

“मग पलीकडे का नाही गेलास? पलीकडे बस मिळते. तुझी आई...”

फिफीनं उजवा कान पुढे केला. आपल्याला नीट ऐकू आलं नाही असं त्याला वाटलं. “होडी तुमची होती, ओसोफो.”

“बरं मग?”

“दुसऱ्याची वस्तू घेऊ नये, तुम्हीच शिकवलं ना? गाणं पण आहे.” आणि सेन्यो विसरला असेल म्हणून त्यानं भरल्या तोंडानं ते म्हणूनही दाखवलं. टाळ्यांसकट.

पलीकडून सार्जंट बोटं चाटत आला. “ओसोफो, रस्सा फक्कड झालाय. आणि तुमची ती जुनी तक्रार पण मिटली एकदाची. मामा खरा की खोटा, यावर माणूस शंका घेऊ शकतो. धर्मबाप तर तुम्हीच करून दिलात. चर्चच्या वर मी कोण?”

संध्याकाळी फोन वाजला.

“सुटला का?” एसीनं विचारलं. यावेळी ती खोकली नाही.

“बाप्तिस्मा झाला,” सेन्यो म्हणाला. “फार छान झाला. बिशप आले होते.”

“ते असू दे, ओसोफो. सुटला का?”

“हॅलो? ऐकू येत नाही नीट. हॅलो?” असं म्हणून सेन्योनं फोन ठेवला. ऐकू अगदी स्वच्छ येत होतं.

*

पुढच्या रविवारी कडुनिंबाखाली सगळी पोरं होती. फिफी नव्हता.

“वरच्या तळावर पाठवला,” बेंटिलनं बाकावर बसता बसता सांगितलं. “नवी होडी घातलीय तिकडे. खोडं फार आहेत, रोज दहादा अडकतं. तिथं लांब, माझी नजर पोचत नाही. भरवशाचं पोर हवं होतं. होडी हातात देऊनसुद्धा जो परत आणून देतो, असं पोर मी एवढ्या वर्षांत बघितलं नव्हतं. तुमच्या शिकवणीला मानलं, ओसोफो.”

सेन्योनं त्याच्याकडे बघितलं. चेष्टा असती तर त्याला राग तरी आला असता. बेंटिलच्या चेहऱ्यावर चेष्टा नव्हती, नुसती कृतज्ञता होती.

“किती वर आहे हा तळ?”

“तुमच्या त्या इंजिनानं नाही व्हायचं.” बेंटिल उठला. “तुम्ही शिकवा. मी तुमच्यासाठी थंड काहीतरी आणतो.”

तो दुकानाकडे वळेपर्यंत सेन्यो थांबला. खिशात फोन थरथरत होता. एसी आज संध्याकाळची वाट बघायलाही तयार नव्हती. त्यानं तो थरथरू दिला. खाली काठाला ‘तारण’ उभं होतं. आज त्यानं दगड टाकला नव्हता, दोरही बांधला नव्हता, नाक तेवढं वाळूत टेकवलं होतं. टाकी भरलेली होती.

“आज गाणं नाही,” तो पोरांना म्हणाला. “मागे चोरीचा धडा घेतला होता. तो अर्धाच झाला होता. चूक माझी. आज राहिलेला घेऊ.”

पोरांनी मांड्या घातल्या.

“मामाच्या होडीवर काय लिहिलंय?”

“देव बघतो आहे!” सगळे एका सुरात ओरडले.

“हळू. बरोबर आहे. पण तो एक आणि जग एवढं मोठं. त्यामुळे बऱ्याच वेळा काय होतं, तो दुसरीकडे बघत असतो.”

पुढे बसलेल्या एका मुलीनं मान वर केली. बेंटिलच्या घरी ती मासे धुरावर सुकवायची. तिचे डोळे कायम लाल असत. “दुसरीकडे म्हणजे कुठं, ओसोफो?”

सेन्योनं दुकानाकडे एकदा नजर टाकली. मग होडीवरून, पाण्यावरून, अलीकडच्या तीराकडे, जिथून बस सुटते तिकडे, बोट केलं.